कर्नल अपग्रेडनंतर स्टोरेज मंदावले तर: कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील अनेक लहान-मध्यम कारखान्यांत हिशेब, मालाचा साठा आणि उत्पादनाच्या नोंदी सांभाळणारा एकच लिनक्स सर्व्हर वर्षानुवर्षे चालू असतो. उबुंटू १८.०४ चा सर्वसाधारण आधार मे २०२३ मध्ये आणि सेंटओएस ७ चा जून २०२४ मध्ये संपला, त्यामुळे हे सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेण्याला पर्याय उरला नाही. हे काम बहुधा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी उरकले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेखा विभागातून किंवा स्टोअरमधून पहिली तक्रार येते, की सगळे चालते आहे पण फार हळू चालते आहे.

या वेळी कर्नलवर, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामध्ये काम करणाऱ्या लिनक्सच्या गाभ्यावर, संशय येणे स्वाभाविक आहे, परंतु अपग्रेडने एकाच वेळी दोन गोष्टी घडवलेल्या असतात: कर्नल बदललेले असते आणि यंत्र रीस्टार्ट झालेले असते. वर्षभर बंद न झालेला सर्व्हर केवळ रीस्टार्ट झाल्यानेही मंदावू शकतो. हे दोन परिणाम वेगळे करण्यापूर्वी कोणतीही सेटिंग बदलू नये, कारण एकदा चार-पाच सेटिंग बदलल्या की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला नवा कोणता, हे सांगता येत नाही. पुढील क्रम याच भूमिकेतून मांडलेला आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

तक्रारीचे आकड्यात रूपांतर करा

"स्लो झाले" या वाक्यावर काम करता येत नाही. कोणते काम, कोणत्या वेळी, पूर्वी किती वेळात होत होते आणि आता किती वेळ घेते, हे तक्रार करणाऱ्याकडूनच विचारून घ्यावे. महिनाअखेरचा अहवाल उघडण्यास लागणारा वेळ आणि मोठी फाइल कॉपी होण्याचा वेग या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत प्रत्येक लहान विनंतीला लागणारा विलंब महत्त्वाचा असतो, दुसरीत दर सेकंदाला वाहून नेला जाणारा डेटा.

त्यानंतर सिसस्टॅट या पॅकेजमधील आयओस्टॅट ही आज्ञा विस्तारित स्वरूपात, म्हणजे एक्स हा पर्याय देऊन, काम चालू असतानाच काही मिनिटे चालवावी. तिचा पहिला अहवाल बूट झाल्यापासूनची सरासरी दाखवतो, म्हणून तो सोडून द्यावा. वाचन आणि लेखन यांचा सरासरी प्रतीक्षाकाळ दाखवणारे आर-अवेट आणि डब्ल्यू-अवेट हे रकाने सर्वांत उपयोगी असतात. ७,२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत होते, म्हणजे केवळ फिरण्यामुळे होणारा सरासरी विलंबच ४.१७ मिलिसेकंद असतो आणि त्यात हेड सरकण्याचा वेळ मिळवावा लागतो. अशा डिस्कवर विखुरलेल्या लहान वाचनाला दहा-बारा मिलिसेकंद लागणे हा दोष नव्हे. तेवढाच आकडा एसएसडीवर दिसला तर मात्र शोध घ्यायला हवा. टक्के-युटिल या रकान्यावर फार विसंबू नये. एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या डिस्कसाठी तो अर्थपूर्ण होता. थेट पीसीआय-एक्सप्रेसला जोडलेली एनव्हीएमई एसएसडी एकाच वेळी अनेक विनंत्या पूर्ण करते, त्यामुळे तिथे शंभर टक्के दिसले तरी क्षमता शिल्लक असू शकते.

कर्नल ४.२० पासून प्रॉक फाइलसिस्टिममधील प्रेशर या निर्देशिकेत आयओ नावाची फाइल मिळते (काही वितरणांत ही सोय बूटच्या वेळी सुरू करावी लागते). स्टोरेजची वाट पाहण्यात प्रक्रियांचा किती टक्के वेळ गेला, हे ती दहा, साठ आणि तीनशे सेकंदांच्या सरासरीने दाखवते. हा आकडा शून्याजवळ असेल आणि तरीही अहवाल हळू उघडत असेल, तर अडचण बहुधा स्टोरेजमध्ये नाही. डेटाबेसची क्वेरी, नेटवर्क किंवा प्रोसेसर यांच्याकडे वळावे.

रीस्टार्टचा परिणाम वेगळा काढा

लिनक्स रिकामी रॅम वाचलेल्या फाइलींच्या कॅशसाठी वापरते. ६४ जीबी रॅम असलेला सर्व्हर महिनोन्महिने चालू असेल, तर रोज लागणारा बहुतेक डेटा रॅममध्येच असतो आणि डिस्कला क्वचितच हात लावावा लागतो. रीस्टार्टनंतर ही कॅश रिकामी होते आणि तेच अहवाल पहिल्यांदा थेट डिस्कवरून वाचले जातात. फ्री या आज्ञेतील बफ-कॅश हा रकाना दिवसभर वाढत असेल आणि त्यासोबत तक्रारी ओसरत असतील, तर कर्नलची चौकशी इथेच थांबवता येते.

दुसरे कारण रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच साठा बनवण्याची व्यवस्था. सॉफ्टवेअर रेड असलेले यंत्र नीट बंद झाले नसेल, तर बूट झाल्यावर फेरजुळणी सुरू होते आणि ती पूर्ण होईपर्यंत डिस्कचा मोठा हिस्सा तिच्यात गुंततो. प्रॉक-एमडीस्टॅट ही फाइल वाचली की हे लगेच कळते. हार्डवेअर रेड कार्डावर बॅटरी उतरलेली किंवा जुनी झालेली असेल, तर कार्ड लेखनासाठीची राईट-बॅक कॅश बंद करून राईट-थ्रूवर (डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबण्याच्या पद्धतीवर) जाते आणि डेटाबेसचे लेखन एकाएकी कित्येक पटींनी मंदावते. बॅटरीची स्थिती कार्डाच्या निर्मात्याने दिलेल्या साधनातून तपासावी. कर्नलच्या नोंदींत ती सहसा दिसत नाही.

तापमानाकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात. नाशिकची हवा थंड असा लौकिक असला, तरी एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडखालच्या केबिनमध्ये एसी बंद असेल तर एनव्हीएमई एसएसडी स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. एनव्हीएमई-सीएलआय या साधनाची स्मार्ट-लॉग आज्ञा सध्याचे तापमान आणि इशाऱ्याच्या पातळीवर घालवलेला वेळ दोन्ही सांगते. सुट्टीच्या दिवशी सकाळी घेतलेली मोजणी आणि कामाच्या दिवशी दुपारी घेतलेली मोजणी यांची तुलना म्हणूनच करू नये.

जुन्या कर्नलवर परत जाऊन पाहा

ही या साऱ्या क्रमातील सर्वांत निर्णायक पायरी आहे आणि तीच बहुतेक वेळा टाळली जाते. उबुंटू आणि डेबियन आधीचे किमान एक कर्नल सहसा ठेवतात, तर रेड हॅट कुळातील वितरणे मूलतः तीन कर्नल जपून ठेवतात. यंत्र सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या प्रगत पर्यायांतून जुने कर्नल निवडता येते. सर्व्हर दुसऱ्या ठिकाणी असेल तर ग्रब-रीबूट या आज्ञेने फक्त पुढच्या एका बूटसाठी ते निवडावे, म्हणजे त्यानंतरच्या बूटला यंत्र आपोआप नव्या कर्नलवर येते. मात्र ही आज्ञा चालण्यासाठी ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट निवड 'सेव्ह्ड' असावी लागते.

नव्या कर्नलवर मोजणी, जुन्यावर मोजणी आणि पुन्हा नव्यावर मोजणी, असा क्रम ठेवावा. तिसरी मोजणी अनावश्यक वाटते. पण पहिल्या दोनमधला फरक कर्नलमुळे होता की रीस्टार्टमुळे, याचे उत्तर तीच देते. जुन्या कर्नलवरही मंदपणा कायम राहिला, तर कर्नल निर्दोष आहे असे समजून अपग्रेडमध्ये बदललेल्या इतर गोष्टींकडे, म्हणजे डेटाबेसची आवृत्ती, सांबाची (विंडोज संगणकांना फाइली देणाऱ्या सेवेची) सेटिंग किंवा नवी पार्श्वसेवा यांच्याकडे वळावे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. झेडएफएस ही फाइलसिस्टिम वापरत असाल, तर ही तपासणी संपेपर्यंत झेडपूल-अपग्रेड चालवू नये. पूलमध्ये (तिच्या डिस्कच्या एकत्रित साठ्यात) नवी वैशिष्ट्ये एकदा सुरू झाली की जुने मोड्यूल तो पूल उघडण्यास नकार देऊ शकते आणि परतीचा रस्ता बंद होतो.

एकाच मापाने मोजा

मोजणीसाठी एफआयओ हे साधन वापरावे. डीडी आज्ञेने मोठी फाइल लिहून वेग पाहण्याची सवय सोडावी, कारण थेट लेखनाचा पर्याय न दिल्यास ती प्रामुख्याने रॅमचा वेग दाखवते. एफआयओमध्ये डायरेक्ट हा पर्याय १ ठेवावा, ब्लॉकचा आकार ४ केबी घ्यावा, यादृच्छिक वाचन निवडावे, चाचणीची फाइल काही जीबींची असावी आणि चाचणी वेळेवर आधारित, किमान साठ सेकंदांची ठेवावी. हीच चाचणी एकदा रांगेची खोली १ ठेवून आणि एकदा ३२ ठेवून करावी. खोली १ असताना एकेका विनंतीचा निव्वळ विलंब कळतो, ३२ असताना समांतर काम पेलण्याची क्षमता कळते. कर्नलमधील बदल कित्येकदा या दोहोंपैकी एकाच बाजूला उमटतात. निकालातील सरासरीपेक्षा ९९ व्या पर्सेंटाइलचा (ज्याच्या आत शंभरपैकी ९९ विनंत्या पूर्ण होतात तो) आकडा पाहावा, कारण वापरकर्त्याला जाणवणारी अडखळ तिथे दिसते.

लेखनाची चाचणी करताना फाइलनावाच्या जागी चुकूनही डिस्कचे नाव देऊ नये. एफआयओ त्या डिस्कवरील डेटा विनातक्रार पुसून टाकते. चाचणीसाठी वेगळी निर्देशिका करावी आणि तिच्यातच फाइल तयार होऊ द्यावी.

वेळ नेमका कुठे जातो

फरक खरोखरच कर्नलचा आहे असे ठरल्यावर विनंतीचा प्रवास दोन भागांत मोजावा. लासलगावच्या बाजार समितीबाहेर कांद्याचा ट्रॅक्टर रांगेत किती वेळ उभा राहिला आणि आत लिलाव व वजनाला किती वेळ लागला, हे वेगळे मोजल्याशिवाय उशीर कुणामुळे झाला ते ठरत नाही. इथेही विनंती कर्नलच्या रांगेत किती थांबली आणि डिस्ककडे पाठवल्यावर उत्तर यायला किती वेळ लागला, हे वेगळे काढता येते. कर्नलच्या आतील घडामोडी मोजणाऱ्या बीसीसी संचातील बायोलेटन्सी ही आज्ञा मूलतः डिस्ककडे पाठवल्यापासूनचा वेळ मोजते आणि मोठ्या लिपीतील क्यू हा पर्याय दिल्यास रांगेतला वेळही त्यात मिळवते. दोन्ही प्रकारे एकेक मिनिट मोजून चित्रे शेजारी ठेवली की बरेच काही उलगडते. ब्लॉकट्रेस आणि बीटीटी ही जोडी हेच काम अधिक तपशिलाने करते.

रांगेतला वेळ वाढला असेल, तर शेड्युलर (विनंत्यांचा क्रम ठरवणारा भाग), लेखनावरील नियंत्रण किंवा सीग्रुपच्या (प्रक्रियांच्या गटांवर घातलेल्या) मर्यादा यांच्यावर संशय घ्यावा. डिस्ककडचा वेळ वाढला असेल, तर ड्रायव्हर, लिंकचा वेग, ऊर्जाबचत आणि डिस्कची स्वतःची लेखन-कॅश तपासावी. दोन्ही जैसे थे असतील आणि तरीही काम मंद असेल, तर फाइलसिस्टिम, रीड-अहेड (पुढे लागणारा डेटा आधीच वाचून ठेवणे) किंवा प्रोसेसरचा खर्च याकडे पाहावे.

रांगेतील संशयित

कर्नल ५.० मध्ये (मार्च २०१९) जुनी एकरांगी ब्लॉक व्यवस्था पूर्णपणे काढून टाकण्यात आली आणि तिच्याबरोबर सीएफक्यू, डेडलाइन आणि नूप हे शेड्युलरही गेले. आता एमक्यू-डेडलाइन, बीएफक्यू, कायबर आणि नन एवढेच पर्याय उरले आहेत. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी पूर्वी बूटच्या वेळी चालणाऱ्या आरसी-लोकल फाइलीत लिहून ठेवलेली "शेड्युलर नूप करा" ही ओळ नव्या कर्नलवर चूक देते आणि ती चूक कुणी वाचत नाही. बूटच्या ओळीतील एलिव्हेटर हा पॅरामीटरही आता परिणामशून्य आहे. प्रत्येक डिस्कचा चालू शेड्युलर सिस-ब्लॉकमधील तिच्या क्यू निर्देशिकेत चौकटी कंसात दिसतो. फिरत्या डिस्कसाठी एमक्यू-डेडलाइन किंवा बीएफक्यू, एनव्हीएमईसाठी नन, इथून सुरुवात करावी आणि बदल मोजूनच कायम करावा.

याच बदलाचा एक आडवळणाचा परिणाम माझ्या मते सर्वांत जास्त वेळा निसटतो. रात्रीचा बॅकअप आयओनाइस आज्ञेच्या आयडल वर्गात, म्हणजे डिस्क मोकळी असेल तेव्हाच चालेल असा, चालवण्याची पद्धत सर्वत्र आहे. सीएफक्यू हा वर्ग पाळत असे आणि बीएफक्यूही पाळतो, पण ५.४ सारख्या कर्नलमधील एमक्यू-डेडलाइन त्याची दखलच घेत नाही. परिणामी, पूर्वी बाजूला सरून वाट देणारा बॅकअप आता बरोबरीने डिस्क मागतो, आणि तो सकाळी कामाच्या वेळेपर्यंत रेंगाळला तर दोष डिस्कला दिला जातो. मंदपणा ठरावीक वेळेतच जाणवत असेल, तर आधी क्रॉनची (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) यादी पाहावी. सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत घातलेल्या मर्यादांचेही असेच होते: नवे वितरण दुसऱ्या आवृत्तीवर गेले की त्या मर्यादा लागू राहत नाहीत, त्या नव्या पद्धतीने पुन्हा घालाव्या लागतात.

कर्नल ४.१० पासून आलेले राईटबॅक थ्रॉटलिंग पार्श्वभूमीतील लेखन रोखून वाचनाला प्राधान्य देते. डब्ल्यूबीटी-लॅट-यूसेक या फाइलीत त्याचे लक्ष्य असते. मूळ मूल्य फिरत्या डिस्कसाठी ७५,०००, तर एसएसडीसाठी २,००० मायक्रोसेकंद असते. केवळ मोठी लेखने मंदावली असतील आणि वाचन व्यवस्थित असेल, तर इथे शून्य लिहून ते तात्पुरते बंद करून पाहावे.

डिस्कच्या बाजूचे संशयित

दोन्ही कर्नलवरील डीमेसेजचा, म्हणजे कर्नलच्या संदेशांचा, मजकूर फाइलीत साठवून डिफने तुलना करावी. साटा लिंक ६ ऐवजी १.५ किंवा ३ गिगाबिटवर जुळली आहे का, एनव्हीएमईची पीसीआय-एक्सप्रेस लिंक कमी मार्गिकांवर आली आहे का आणि "राईट कॅश एनेबल्ड" ही ओळ दोन्हीकडे आहे का, एवढे पाहिले तरी या विभागातील बरीचशी प्रकरणे सुटतात. थोडा वेळ रिकामी राहिल्यावर पहिलीच विनंती अडखळत असेल, तर एनव्हीएमईची स्वयंचलित ऊर्जाबचत कारणीभूत असू शकते. एनव्हीएमई-कोअर मोड्यूलच्या डिफॉल्ट-पीएस-मॅक्स-लेटन्सी-यूएस या पॅरामीटरला शून्य देऊन ती बंद करून पाहता येते.

डिस्कची नावे बदलणे हा साधा पण फसवा प्रकार आहे. नव्या कर्नलवर ड्रायव्हर वेगळ्या क्रमाने सुरू झाले, की कालची एसडीए आज एसडीबी होते आणि ट्यूनिंगची जुनी स्क्रिप्ट इमानदारीने चुकीच्या डिस्कवर चालते. स्क्रिप्टमध्ये नेहमी बाय-आयडी निर्देशिकेतील नाव वापरावे.

एनएफएसचे रीड-अहेड

ज्या कार्यालयांत नॅसवरील (नेटवर्कवरील साठवण यंत्रावरील) ड्रॉइंग, छायाचित्रे किंवा स्कॅन केलेली बिले एनएफएस या नेटवर्क फाइलसिस्टिमने जोडलेली असतात, त्यांनी हा भाग लक्षपूर्वक पाहावा. एनएफएस क्लायंट पूर्वी क्रमाने वाचन करताना आरसाइझच्या (एका वाचन-विनंतीच्या कमाल आकाराच्या) पंधरापट डेटा आधीच मागवून ठेवत असे. आरसाइझ १ एमबी असेल तर हा आकडा १५ एमबी होतो. कर्नल ५.४ पासून मूळ मूल्य सरसकट १२८ केबी झाले. उबुंटू १८.०४ चे मूळ कर्नल ४.१५ आणि २०.०४ चे ५.४, त्यामुळे अगदी नेहमीच्या अपग्रेडमध्ये ही सीमा ओलांडली जाते. मोठी फाइल वाचणे स्पष्टपणे मंदावते, लेखन मात्र पूर्वीसारखेच राहते आणि नॅस, स्विच, केबल यांत काहीच दोष सापडत नाही.

तपासण्यासाठी माउंटपॉइंट या आज्ञेला डी हा पर्याय देऊन त्या जोडणीचा मेजर-मायनर क्रमांक मिळवावा, सिस-क्लास-बीडीआयमधील त्याच क्रमांकाच्या निर्देशिकेत रीड-अहेड-केबी ही फाइल वाचावी आणि १२८ दिसल्यास तिथे १५३६० लिहून तीच फाइल, कॅश रिकामी करून, पुन्हा वाचून पाहावी. फरक पडला, तर बीडीआय उपप्रणालीसाठी यूडेव्ह नियम (उपकरण जोडले जाताच आपोआप लागू होणारा) लिहून तो कायम करावा, कारण हाताने लिहिलेले मूल्य पुढच्या माउंटला नाहीसे होते. जोडणीवर प्रामुख्याने लहान फाइली असतील, तर मात्र एवढे मोठे मूल्य ठेवण्यात अर्थ नाही.

सुरक्षेच्या मोबदल्यात वेग घेऊ नका

इंटरनेटवर दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, मिटिगेशन्स-ऑफ हा बूट पर्याय देणे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाल्यापासून आलेल्या संरक्षणांमुळे प्रत्येक सिस्टिम कॉल थोडा महाग झाला, हे खरे आहे, आणि एनव्हीएमईवर लाखो लहान विनंत्या चालत असतील तर तो खर्च दिसतोही. फिरत्या डिस्कवर तो दिसण्याइतका नसतो. मोजण्यापुरते एकदा बंद करून पाहण्यास हरकत नाही, पण अनेक जण लॉगिन करत असलेल्या सर्व्हरवर ते तसेच सोडू नये.

दुसरा सल्ला बॅरिअर, म्हणजे डेटा ठरलेल्या क्रमाने डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणारी सोय, बंद करण्याचा असतो. औद्योगिक वसाहतीत वीज ट्रिप होणे आणि यूपीएसची बॅटरी ऐन वेळी दगा देणे नवीन नाही. अशा ठिकाणी बॅरिअर बंद केलेली फाइलसिस्टिम एका झटक्यात खराब होऊ शकते. एक्सएफएसने तर नोबॅरिअर हा पर्याय कर्नल ४.१९ मध्ये काढूनच टाकला, त्यामुळे एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या विभाजनांच्या यादीत) तो राहिला असेल तर नव्या कर्नलवर ते विभाजन माउंटच होणार नाही.

उपाय कायम करणे आणि दोष कळवणे

सिद्ध झालेला बदल यूडेव्ह नियमात किंवा ट्यून्ड या ट्यूनिंग सेवेच्या प्रोफाइलमध्ये लिहावा, रीस्टार्ट करून तो टिकला का ते पाहावे आणि त्याच फाइलीत कारण, तारीख व आधी-नंतरचे आकडे टिप्पणी म्हणून नोंदवावेत.

कारण सापडले नाही आणि जुने कर्नल निर्विवादपणे वेगवान ठरले, तर एपीटी-मार्क होल्ड किंवा डीएनएफच्या व्हर्जनलॉकने ते तात्पुरते धरून ठेवता येते. मात्र हे फक्त त्याच वितरणाच्या, आधार चालू असलेल्या कर्नलबाबत करावे. मुदत संपलेल्या वितरणाचे कर्नल धरून ठेवले तर सुरक्षा दुरुस्त्याच मिळणार नाहीत. दरम्यान मधल्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्याने तपासाव्यात. उबुंटूसाठी तयार मेनलाइन कर्नल मिळतात, त्यामुळे संकलन न करताही कोणत्या आवृत्तीपासून घसरण सुरू झाली ते कळते. गिट-बायसेक्टने पुढे जाण्याची तयारी असेल तर हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा पायऱ्यांत सापडतो.

वितरणाच्या दोषनोंदणीत लिहिताना चांगल्या आणि वाईट कर्नलचे पूर्ण क्रमांक, डिस्क व कंट्रोलरचे मॉडेल आणि फर्मवेअर, एफआयओची संपूर्ण जॉब फाइल, दोन्ही बाजूंचे निकाल आणि दोन्ही डीमेसेज जोडावेत. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक कर्नल अद्यतनाच्या बदलनोंदीत आपल्या ड्रायव्हरचे नाव शोधावे, ते दिसले की होल्ड काढून सुट्टीच्या दिवशी तीच जॉब फाइल पुन्हा चालवावी आणि आकडे जुळल्यावरच धरून ठेवलेले कर्नल काढून टाकावे.